प्रश्न क्रमांक सात

केसरीनाथ तरे सरांचं संशोधन समजून घ्यायचं तर आधी सव्वापाचची गाडी समजून घ्यावी लागते. सर राहायला खारबावला. नोकरी भिवंडीत, धामणकर नाक्याजवळच्या कॉलेजात, भूगोलाचे प्राध्यापक. विभागप्रमुखही तेच, कारण भूगोल विभागात कायम नोकरीतलं दुसरं माणूस नव्हतं. भिवंडी रोड स्टेशनातून खारबावकडे जाणारी गाडी सव्वापाचला सुटायची आणि ती गेली की पुढची एकदम रात्री. बावीस वर्षांच्या नोकरीत सरांची ही गाडी चार वेळा चुकली होती. चारही वेळची तारीख आणि कारण त्यांना पाठ होतं, आणि चारांपैकी एकदाही चूक त्यांची नव्हती.

एवढा काटेकोर माणूस संशोधनात ढिला असेल असं कुणी म्हणणार नाही. पीएचडीला नाव घालून अकरा वर्षं झाली होती, पण त्याचाही हिशेब होता. तीन वर्षं कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली रंगवण्यात गेली, दोन धाकट्या भावाचं घर बांधून देण्यात, एक परीक्षाप्रमुखपदात, आणि एक वर्ष कशात गेलं ते सरांनाही सांगता येत नसे. उरलेली चार मात्र अस्सल संशोधनाची.

मुलांना नद्या-डोंगरांचा भूगोल बरा वाटतो. निळा, हिरवा, तपकिरी रंग भरला की नकाशा झाला. सरांचा विषय मानवी भूगोल. माणूस कुठे राहतो, तिथून कुठे जातो, किती वेळात जातो आणि नेमका तिथेच का राहतो. ‘दगड जागचा हलत नाही म्हणून त्याचा अभ्यास सोपा,’ असं ते दरवर्षी पहिल्या तासाला सांगत, आणि दरवर्षी पहिल्या बाकावरच्या दोन मुली हसत. प्रबंधाचा विषय होता कामतघर भागातल्या यंत्रमाग कामगारांचा निवास. चारशे बारा खोल्या. २००४च्या हिवाळ्यात सरांनी तिसऱ्या वर्षाची मुलं हाताशी धरली आणि दर शनिवारी अकरा ते चार, प्रात्यक्षिकाच्या वेळेत, बत्तीस प्रश्नांचा फॉर्म खोलीखोलीतून भरून घेतला. शुक्रवारी लूम बंद असतात, कामगार मोकळे असतात, तेव्हा शुक्रवारी जाऊ या, असं एक मुलगा म्हणाला होता. सरांनी त्याला थांबवलं. शुक्रवार हा अपवादाचा दिवस. आपल्याला नेहमीचं जगणं मोजायचंय. हे वाक्य पुढे प्रबंधातही आलं, पृष्ठ एकोणचाळीसवर.

बत्तीस प्रश्नांत सरांचा लाडका प्रश्न होता सातवा. ‘या खोलीत रात्री किती व्यक्ती झोपतात?’ त्यातल्या ‘रात्री’ या शब्दावर त्यांनी मुलांचा अख्खा तास घेतला होता. ‘खोलीत किती जण आहात असं विचारलंत की दारात विडी ओढत उभा असलेलाही मोजला जाणार. गावाहून आलेला मेहुणा मोजला जाणार. माणूस जिथे रात्री पाठ टेकतो, तिथला तो रहिवासी. समजलं?’ मुलांना समजलं. या प्रश्नाचं उत्तर निघालं सरासरी सहा पूर्णांक एक. या आकड्यावर सरांनी दोन शोधनिबंध वाचले, एक सोलापूरला आणि एक नाशिकला, आणि नाशिकला टाळ्या जरा जास्त पडल्या.

तर आता २००७चा जून उजाडला होता. नोंदणीची मुदतवाढही संपत आली होती, शेवटची तारीख तीस जून. मार्गदर्शक चंद्रा मॅडम डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. प्रबंध टाइप होऊन तयार, फक्त छायाचित्रांची पानं राहिली होती. ते काम सरांनी पूर्वीवर सोपवलं.

पूर्वी केणे ही त्यांचीच विद्यार्थिनी. फॉर्म भरणाऱ्या तुकडीत होती, पुढे एम. ए. झाली आणि आता त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होती. कामाला चोख, बोलायला कमी. सरांना तिचा एकच दोष दिसायचा, की ती दिलेल्या कामापेक्षा थोडं जास्त करून यायची.

‘एक खोलीचा फोटो, एक नळावरच्या रांगेचा, एक खानावळीचा,’ सरांनी सांगितलं होतं. ‘बस.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा सर डबा धुऊन पुसत होते.

‘सर, फोटो झाले. पण एक विचारायचं होतं.’

‘विचार.’

‘खानावळ ठकुबाईंची. चाळीतल्या तिसऱ्या गल्लीत. त्या भिंतीवर खडूनं खोली नंबर लिहितात आणि पुढे किती ताटं लागणार त्याच्या रेघा मारतात. मी फोटो काढला त्याचा.’

‘छान. परिशिष्टात टाकू.’

‘सर, अठरा नंबर खोलीसमोर बारा रेघा आहेत.’

‘असतील.’

‘आपल्या तक्त्यात अठरा नंबरला सहा जण आहेत.’

सरांनी डब्याचं झाकण लावलं. ‘पाहुणे आले असतील गं कुणाचे.’

‘मलाही तसंच वाटलं. म्हणून मी ठकुबाईंना म्हटलं, मावशी, या खोलीत तर सहाच जण राहतात. तर त्या म्हणाल्या, “सा? मंग बाकीची सा ताटं काय म्हशी खातात?”’

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी पेपर किंचित खाली केला. सरांनी तिकडे पाहिल्यावर तो पुन्हा वर गेला.

‘मग मी आणखी खोल्या ताडून पाहिल्या,’ पूर्वी वहीत बघत म्हणाली. ‘वीस खोल्या. एकोणीसला अकरा. वीसला बारा. एकवीसमध्ये कुटुंब आहे, ते बरोबर पाचच आहेत. पण बाकी सगळीकडे दुप्पट, नाहीतर दुपटीला एखादा कमी.’

‘म्हणजे तीन वर्षांत वस्ती वाढली.’

‘ठकुबाई म्हणतात पंधरा वर्षं असंच आहे.’

‘ठकुबाईंचं काय शिक्षण झालंय?’ सर म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नाही. पूर्वीनं वही मिटली. 

त्या दिवशी सरांनी कमळला फोन लावला. कमळ म्हणजे त्यांची बायको.

‘आज गाडीनं येत न्हाय. उशीर व्हईल.’

‘काय झाला? बरा न्हाय का?’

‘बरा हाय. कामतघरला जायाचा हाय.’

‘अकरा वर्सं जाताव ना तिकडं? मंग आजच काय?’

सरांनी फोन ठेवला. सव्वापाचची गाडी पाचव्यांदा चुकली, आणि या खेपेला कुणावर ढकलता येईना.

खरी गोष्ट अशी की सर कामतघरला शंभरदा गेले होते, पण संध्याकाळी सात वाजता कधीच गेले नव्हते. चारला प्रात्यक्षिक संपायचं, साडेचारला शेअर रिक्षा, सव्वापाचला गाडी. सात वाजताचं कामतघर त्यांच्या नकाशात होतं, पाहण्यात नव्हतं.

अठरा नंबर खोलीचं दार उघडंच होतं. आत सहा चटया आणि चटयांवर माणसं. कुणी उठून लुंगी आवळत होता, कुणी कोपऱ्यातल्या बादलीतून तोंडावर पाणी मारत होता, एक अजून झोपेत होता आणि त्याला दुसरा पायानं ढोसत होता. भिंतीला सहा खिळे, खिळ्यांना सहा शर्ट. बघता बघता सहाही शर्ट खिळ्यांवरून अंगात गेले आणि सहाही माणसं दाराबाहेर पडली. सर बाजूला सरकून उभे राहिले. पाच मिनिटं गेली नसतील, तोच गल्लीच्या तोंडाशी दुसरी सहा माणसं दिसली. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव. ती आत शिरली, अंगातले शर्ट काढून त्याच खिळ्यांना अडकवले आणि त्याच चटयांवर टेकली. एकानं हात लावून पाहिलं आणि म्हणाला, ‘अरे, गरम है अभी.’

शिफ्टला निघालेल्या सहांतला एक जण गल्लीतच रेंगाळला होता, तो सरांना पाहून थबकला. चाळिशीचा, काटकुळा, पान खाल्लेला.

‘आप वो कॉलेज वाले साहब ना? फॉर्म वाले?’

‘हाँ. आपका नाम?’

‘इसरार. आपका फॉर्म हमने ही भरवाया था. दो लड़की लोग आयी थी. चाय भी पिलायी थी हमने.’

‘मग… तो आपने छह क्यूँ बोला? इधर तो बारा है.’

‘छह ही बोला ना. सही बोला.’ इसरारला काही कळेना. ‘लड़की ने पूछा, रात को कितने आदमी सोते? रात को छहही सोते. हम छह तो रात को लूम पे.’

‘पण तुम्ही स्वतः… आप खुद खोली में बैठ के जवाब दे रहे थे!’

‘दिन था ना, साहब. दिन में हम सोते.’ मग त्याला काहीतरी लक्षात आलं आणि तो मोकळा हसला. ‘दिन का पूछती तो भी छहही बोलता. वो दूसरे छह तो दिन में लूम पे. पूरा पूछती तो बारा बोलता. पूरा किसी ने पूछाच नहीं.’

‘और जुम्मा को? शुक्रवार को सगळे एकदम कुठे झोपता?’

‘आधे छत पे, आधे गली में. जुम्मे को आते तो देख लेते आप. चलता हूँ, सेठ चिल्लाएगा.’

इसरार गेला. सर गल्लीत उभे राहिले. चौदा शनिवार त्यांची मुलं या दारांतून फिरली होती. दिवसा खोलीत सापडणारी माणसं ही रात्रपाळीवाली. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, बोटांवर मोजलं, आणि खरं तेच उत्तर दिलं. प्रत्येक खोलीत उत्तर देणाऱ्यानं स्वतःला सोडून बाकीच्यांचा हिशेब दिला होता. चारशे बारा फॉर्मांवर ज्यांच्या सह्या आणि अंगठे होते, ती माणसं प्रबंधात नव्हतीच.

रिक्षातून नाक्याकडे येताना सरांनी दुसरी मोजदाद केली. सातवा प्रश्न किती जणांच्या नजरेखालून गेला? ते स्वतः, चंद्रा मॅडम, विद्यापीठाच्या समितीतले तिघं, तीस विद्यार्थी, टायपिस्ट, सोलापूरचे सत्तर श्रोते, नाशिकचे नव्वद. एवढ्यांपैकी कुणालाही शंका आली नाही, आणि एवढे सगळे रात्री झोपणारे होते.

चंद्रा मॅडमना भेटायला सर दुसऱ्याच दिवशी मुलुंडला गेले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं, मध्येच एकदा हसल्या, आणि सरबताचा ग्लास पुढे केला.

‘तरे, छान सापडलंय. पण उशिरा सापडलंय.’

‘मॅडम, चारशे बारा खोल्या पुन्हा…’

‘पुन्हा काही करू नका. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. “अभ्यासाच्या मर्यादा” म्हणून एक भाग असतो प्रबंधात. तो कशासाठी असतो? तिथे एक वाक्य घाला. प्रस्तुत अभ्यास रात्रीच्या निवासापुरता मर्यादित आहे. झालं.’

‘हे चालेल?’

‘चुकीचं आहे का त्यात काही? नाही. तुम्ही रात्रीचा निवास मोजलात, तसं लिहिलंत. बाहेरचा परीक्षक विचारेल, तुम्ही म्हणाल, मर्यादेत नमूद केलंय. त्यालाही संध्याकाळची गाडी असते.’ मग मॅडमचा आवाज मऊ झाला. ‘तुम्ही बावन्न वर्षांचे आहात. मी डिसेंबरात जाते. आता नोंदणी गेली तर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, सगळं पहिल्यापासून. सोडा तो नाद.’

सरांनी वाक्य घातलं. चांगलं वाक्य होतं. तीनदा वाचलं तरी त्यात खोट सापडेना.

घरी तोवर पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं होतं. सरांच्या पुतण्याचं, हितेशचं, लग्न. अधिक महिना मध्ये आला म्हणून तारीख जुलैवर गेली होती आणि पत्रिका छापून आल्या होत्या. आगरी लग्नाची पत्रिका म्हणजे सगळ्या भावकीची हजेरी. कुणाचं नाव राहिलं तर पुढची पाच वर्षं बोलणी खावी लागतात. कमळनं त्या यादीवर जातीनं लक्ष ठेवलं होतं. ‘आपले विनीत’ या सदरात पहिल्याच ओळीत छापलं होतं: डॉ. केसरीनाथ तरे.

‘अजून झालो न्हाय गं,’ सर म्हणाले.

‘तीस तारखेला देताव ना? लगीन पाच तारखेला हाय. पाच दिवस आधी.’

‘दिला म्हंजे झाला असं न्हाय. तपासायला सा महिनं लागतात.’

‘मंग पत्रिका सा महिन्यांनी छापाची का? वाटून बी झाल्यान. वसईपर्यंत गेल्यान.’

सरांनी पत्रिका हातात घेतली. नावाआधीच्या त्या ‘डॉ.’कडे ते जरा जास्त वेळ पाहत राहिले, हे कमळच्या नजरेतून सुटलं नाही. तिला बरंच वाटलं. नवऱ्याला उघडपणे कशाचा तरी मोह पडलेला तिनं फार वर्षांनी पाहिला होता.

अठ्ठावीस तारखेला प्रबंधाच्या चार प्रती बांधून आल्या. तांबडा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. एक सुटी प्रत सरांनी पूर्वीला शेवटची नजर टाकायला दिली होती. कॉलेज सुटल्यावर ती विभागात आली आणि समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसली.

‘वाचलंस?’

‘हो सर. तीन ठिकाणी वेलांट्या चुकल्यात. खुणा केल्यात.’

‘आणि मर्यादांचं वाक्य?’

‘वाक्य बरोबर आहे, सर.’

‘मग तोंड का असं?’

तिनं पाचवं प्रकरण काढलं, एकशे त्र्याऐंशी पान. ‘इथे तुम्ही म्हटलंय, वस्तीत एकशे चार सार्वजनिक संडास आहेत. दोन हजार पाचशे तेरा माणसं. म्हणजे एका संडासामागे चोवीस. आपण मापदंड पंचवीसचा धरलाय. म्हणून निष्कर्ष, सुविधा ताणलेल्या असल्या तरी पुरेशा आहेत.’

‘मग?’

पूर्वी जरा घुटमळली. मग एका दमात म्हणाली, ‘संडासाला फक्त रात्री झोपणारेच जातात का, सर?’

पंखा कुरकुरत होता. सरांच्या तोंडून आधी हसू फुटलं, मग ते हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

‘बारा धरले तर सेहेचाळीसच्या वर जातंय,’ ती हळूच म्हणाली. ‘मी हिशेब केला. नळांचंही तसंच. मर्यादेचं वाक्य खोलीला चालतं. बाहेर आलं की चालत नाही.’

‘तुला कुणी सांगितला होता हिशेब करायला?’

‘कुणी नाही.’

‘नसतास केला तर काय बिघडलं असतं? परवा प्रबंध गेला असता. हे कोण वाचतंय? ग्रंथालयात धूळ खात पडणार.’

‘उद्या कुणी संडास बांधायचं काढलं आणि दुसऱ्या कुणी हे पान काढून दाखवलं तर?’ मग ती उठली. ‘मी त्रेसष्ट खोल्यांत विचारला होता हा प्रश्न, सर. अठरा नंबरमध्ये चहा पिणारी मीच. समोर बसलेला माणूस मोजायचा राहिला आणि मी त्याला थँक्यू म्हणून आले. ते आठवतं, म्हणून हिशेब केला. वेलांट्यांच्या खुणा पेन्सिलनं केल्यात.’

ती गेली. सरांनी सव्वापाचची गाडी पकडली, वेळेत.

तीस तारखेला सर सकाळीच विद्यापीठात हजर झाले. चार प्रती कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. पीएचडी विभागाच्या खिडकीपुढे सात जण होते, सगळे त्यांच्यापेक्षा तरुण. सरांचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी प्रती मोजल्या, पावत्या पाहिल्या, शिक्के तपासले, आणि एक कागद पुढे सरकवला.

‘प्रमुख निष्कर्ष. पाच ओळींत. स्वतःच्या अक्षरात लिहा आणि खाली सही.’

सर बाजूच्या बाकावर बसले. पहिला निष्कर्ष खोली ते लूम सरासरी अंतराचा. तो खराच होता. दुसरा, एकाच गावचे लोक एका गल्लीत राहतात, तोही खरा. तिसरा भाड्याच्या पद्धतीचा, खरा. चौथा आला सुविधांचा. सरांनी लिहिलं, ‘वस्तीतील सार्वजनिक सुविधा’, आणि तिथे पेन थांबलं. टाइप केलेलं असताना हेच वाक्य त्यांनी चाळीसदा वाचलं होतं, काही वाटलं नव्हतं. हातानं लिहायला घेतलं तर ‘पुरेशा’ हा शब्द उतरेना.

‘झालं का, सर?’ बाईंनी विचारलं. ‘लंचला बंद होईल खिडकी.’

‘हा चौथा मुद्दा जरा वेगळा लिहिला तर?’

‘प्रबंधात आहे तोच लिहायचा.’

‘प्रबंधातला चुकलाय.’

बाईंनी चष्मा वर केला. त्या खिडकीवर त्यांनी फाटलेल्या पावत्या पाहिल्या होत्या, रडणाऱ्या मुली पाहिल्या होत्या, मार्गदर्शकाची सही राहिलेले पाहिले होते. असं बोलणारा पहिलाच.

‘मग दुरुस्त करून आणा.’

‘किती दिवस मिळतील?’

‘आज तीस तारीख आहे, सर. आजच्या आज.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर नोंदणी रद्द. नव्यानं अर्ज. तीन नंबरच्या खिडकीवर मिळतो.’ मग त्या जरा खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, ‘लिहून टाका हो. कोण बघतंय?’

सरांनी पेनाचं टोपण लावलं. चारही प्रती पुन्हा पिशवीत गेल्या, आधीपेक्षा नीट, कडा जुळवून. ते तीन नंबरच्या खिडकीवर गेले आणि अर्ज घेतला. तिथे रांग नव्हती.

संध्याकाळी कमळ ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. सरांच्या खांद्यावरची पिशवी जड आहे हे तिनं फाटकातूनच ओळखलं.

‘घेतला न्हाय?’

‘मीच दिला न्हाय.’

सरांनी सगळं सांगितलं, सहा आणि बारा, खिळे आणि शर्ट, आणि शेवटी संडासाचं. कमळनं सुपातले खडे बाजूला काढत ऐकून घेतलं.

‘म्हंजे बारा मानसं होती आन तुमी सा लिवली.’

‘हां.’

‘आन हे तुमाला आता कललं.’

‘हां.’

‘जेवन करनाऱ्या बाईला पंधरा वर्सं ठावं होता.’

सरांनी पिशवी भिंतीला टेकवून ठेवली.

‘आता नवीन नाव घालाल तर किती वर्सं?’

‘पाच तरी.’

कमळनं बोटांवर मोजलं. ‘सत्तावन्न. साठीला रिटायर. म्हंजे तीन वर्सं डाक्टर.’ सूप पाखडून ती म्हणाली, ‘सा महिनं कमी भरलं तरी चालंल, पन आता पुरी मानसं मोजा. लोकांना मी सांगन काय सांगायचा ते.’

ती काय सांगणार होती हे सरांनी विचारलं नाही. लग्नात कुणीही त्यांना पदवीबद्दल छेडलं नाही. वसईचे व्याही मात्र जेवताना त्यांच्या शेजारी बसून आपल्या गुडघ्याबद्दल बराच वेळ बोलले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी प्राचार्यांकडून लेखी परवानगी घेतली: भूगोल, तृतीय वर्ष, प्रात्यक्षिक, वेळ सायंकाळी सहा ते आठ. दोन मुलींच्या वडिलांनी हरकत घेतली; त्या दोघींना सकाळच्या सातची पाळी दिली. नवा मार्गदर्शक मिळाला, वयानं सरांपेक्षा अकरा वर्षांनी लहान. पहिल्या भेटीत दोघांनीही एकमेकांना ‘सर’ म्हटलं आणि पुढे ते तसंच चालू राहिलं. फॉर्म पूर्वीनं नव्यानं बांधला. ‘प्रत्येक पाळीच्या माणसाला वेगळं विचारायचं,’ तिनं मुलांना सांगितलं, ‘आणि आधी ज्याच्याशी बोलताय त्याला मोजायचं.’ अख्ख्या तासाच्या व्याख्यानाचं काम तिनं एका वाक्यात उरकलं, हे सरांनी मनाशी नोंदवलं, आणि पुढच्या वर्षी पहिल्या तासाला तीच बोलेल असं ठरवून टाकलं.

सात वाजले. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी पाळी सुटलेली माणसं दिसू लागली. सर फॉर्म घेऊन पुढे झाले. भुवयांवर कापूस चिकटलेला एक तरुण समोर आला. सरांनी त्याला थांबवलं आणि नाव विचारलं.

‘पहले नहा लूँ, साहब? बारा घंटा हो गया. नहाने के बाद आदमी लगता हूँ, तब गिनना.’

‘बराबर है,’ सर म्हणाले. ‘नहाओ.’

नळावर त्याच्या आधी नऊ जण होते. सरांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला, भिंतीला टेकले, आणि त्याचा नंबर यायची वाट पाहत उभे राहिले.